‘एवढ्या लहान मुलांना हे कशाला?’ : शनिवारच्या वर्गात एचआयव्हीचा विषय

प्रश्न : आमच्या मंडळात दर शनिवारी संध्याकाळी मी अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. श्लोक, गोष्टी, थोडं मराठी लेखन, लेझीम. मुलं शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात, त्यामुळे मराठीशी संबंध तेवढाच. दांडिया बाजार, रावपुरा आणि आता मांजलपूरकडूनही मुलं येतात. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका मुलाचे वडील गेले. ते एचआयव्हीने गेले अशी कुजबुज उठली. खरं काय, मला माहीत नाही. दिवाळीनंतर वर्ग सुरू झाला तेव्हा लक्षात आलं की तो मुलगा माठाजवळ गेला की दोघं-तिघं मागे सरकतात, त्याने ठेवलेला पेला पुन्हापुन्हा विसळतात. एक मुलगी तर घरून बाटली आणायला लागली. त्याने आणलेल्या बेसनाच्या लाडवांना कुणी हात लावला नाही. मला ते बघवलं नाही. मी कार्यकारिणीत म्हटलं, 1 डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो, त्या निमित्ताने मुलांना नीट माहिती देऊ. निम्मे हो म्हणाले. एक ज्येष्ठ सभासद मात्र भडकले : ‘एवढ्या लहान मुलांना हे कशाला? ही आपली संस्कृती नाही.’ काही पालक म्हणतात, आजाराबद्दल सांगा, पण ‘तो’ भाग गाळून सांगा. आणि खोटं कशाला बोलू, त्या भागाशी आलं की माझीच जीभ अडखळते. काय सांगू, किती सांगू, कसं सांगू?
– मुलांची एक मावशी, बडोदा

उत्तर : ताई, आधी त्या मुलाचं बघू, वर्गाचं नंतर.

1 डिसेंबरचा कार्यक्रम यंदा करू नका. तुमचा हेतू चांगलाच आहे, पण मंडळ लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. लाडवांचा प्रसंग ताजा असताना एचआयव्हीवर बोलणं ठेवलं, की खोलीतल्या प्रत्येकाची नजर त्याच्याकडे वळणार. तो आला तरी पंचाईत, नाही आला तर त्याहून मोठी. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच चारचौघांत उभं केल्यासारखं होईल. विषय घ्या तो जानेवारीत, आरोग्याच्या तीन-चार शनिवारांमध्ये गुंफून. एक शनिवार खाणंपिणं आणि रक्ताची कमतरता, एक वाढत्या वयातलं शरीर, एक संसर्गाचे आजार. तिथे एचआयव्ही हा कावीळ आणि क्षयाच्या बरोबरीने येईल आणि कुणाकडे बोट जाणार नाही.

माठाची गोष्ट मात्र जानेवारीपर्यंत थांबवायची नाही. ती येत्या शनिवारीच करा, आणि आजाराचं नावही न काढता. त्याला तुमच्यासाठी पाणी आणायला सांगा, त्याच्या हातचा पेला घ्या आणि सगळ्यांसमोर प्या. प्रसाद वाटायचं काम त्याच्याकडे आणि आणखी एकाकडे द्या, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसणार नाही. तुमच्या त्या घोटभर पाण्याने जे होईल, ते माझ्या पानभर लिहिण्याने होणार नाही.

बाटली आणणाऱ्या मुलीच्या आईशी फोनवर बोला, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर अजिबात नको. एवढंच सांगा : ‘कुणाच्या घरी काय आजार आहे ते मला ठाऊक नाही, आणि ते विचारायचा हक्क तुम्हाला-मला नाही. पण समजा एखाद्याला एचआयव्ही असलाच, तरी तो पाण्याने, उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने, खोकल्याने, शिंकेने, घामाने, मिठी मारल्याने, संडासच्या भांड्याने पसरत नाही. डास चावल्यानेही नाही.’ डासाचं त्या हमखास विचारतील, कारण बडोद्यात पावसाळा सरला की घरोघरी डेंग्यूचीच चर्चा असते. तर डासाच्या शरीरात एचआयव्ही वाढत नाही, आणि डास चावताना आधी प्यालेलं रक्त दुसऱ्याच्या अंगात सोडत नाही, सोडतो ती आपली लाळ. डेंग्यूचा विषाणू त्या लाळेत उतरतो, एचआयव्ही उतरत नाही.

त्या मुलाच्या आईला भेटा, पण ‘खरं काय’ हे विचारू नका. कळवळ्याच्या सुरातसुद्धा नको. तिला कळू दे की तुमच्या वर्गात तिच्या मुलाची जागा पक्की आहे. ती आपणहून काही बोललीच, तर ते तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे. नवऱ्याला नाही, अध्यक्षांना नाही, कुणालाही नाही. हा नुसता चांगुलपणाचा प्रश्न नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 मध्ये झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. शिक्षण, नोकरी, उपचार, राहती जागा यांत एचआयव्हीच्या कारणाने भेदभाव करायला त्या कायद्याने मनाई आहे, आणि विश्वासाने कळलेली एखाद्याची स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड करायलाही. कार्यकारिणीत पुन्हा हा विषय निघाला तर हे शांतपणे सगळ्यांच्या कानावर घाला.

आता ‘एवढ्या लहान मुलांना’ याबद्दल.

याच कायद्यात एक कलम आहे, ते मला नेहमी थांबून वाचावंसं वाटतं. एचआयव्हीने ग्रासलेल्या कुटुंबाचा कारभार जर बारा ते अठरा वयाचं एखादं समंजस मूल बघत असेल, तर ते आपल्या धाकट्या भावंडाचं पालक म्हणून उभं राहू शकतं : शाळेत नाव घालायला, औषधोपचारासाठी, बँकेच्या खात्यासाठीसुद्धा. असं कलम घालावं लागलं, कारण अशी घरं या देशात होती आणि आहेत. आई-बाप दोघंही गेलेले आणि बारा वर्षांची पोर लहान भावाला गोळ्या देणारी. त्या वयाच्या मुलांवर एवढा भार येऊ शकतो असं कायदा धरून चालतो, आणि आपण मात्र तोच आजार कसा पसरतो ते सांगायला ती फार लहान आहेत म्हणतो.

शिवाय तुमच्या वर्गातल्या मुलांनी एचआयव्हीबद्दल स्वतःचा धडा कधीच तयार केला आहे. पेला विसळायचा, लाडू नाकारायचा, हे त्यांना कुणी तरी शिकवलंच की. खरं कुणी सांगितलं नाही म्हणून मुलं कोरी राहत नाहीत, जे कानावर पडेल ते धरतात. हातात मोबाइल असताना तर काय काय डोळ्यांपुढे येतं, त्याचा अंदाज आपल्याला नसतो.

‘मुलं बिघडतील’ या भीतीचं उत्तरही द्यायला हवं, कारण ती भीती खोटी नाही, प्रेमापोटीच आलेली आहे. या विषयावर जगभर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. युनेस्कोने 2018 मध्ये सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेत त्यांचा निष्कर्ष स्पष्ट आहे : वयाला साजेसं लैंगिक शिक्षण मिळालेली मुलं त्यामुळे लवकर संबंधांकडे वळत नाहीत, उलट ती जास्त जपून वागतात. ती मार्गदर्शिका नऊ ते बारा आणि बारा ते पंधरा असे वेगळे वयोगट धरते, कोणत्या वयाला कुठवर न्यायचं ते सांगते. तुमची मुलं नेमकी या दोन गटांत आहेत.

आणि संस्कृती. त्या ज्येष्ठ सभासदांशी वाद घालू नका, त्यांच्याजवळ बसा. लैंगिक आरोग्यावर उघडपणे, सभ्य आणि शास्त्रशुद्ध मराठीत लिहिणारे रघुनाथ धोंडो कर्वे आपलेच. 1927 पासून ते वारले त्या 1953 सालापर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरं दिली. त्या उत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा सापडली 1986 मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये, आणि ते काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. तुमच्या-माझ्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी वडिलांच्या नावाने एड्सवरचं संशोधन आणि शिक्षण केंद्र काढलं, आणि 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. शेवटी बडोद्याचंच सांगा. सयाजीराव महाराजांनी 1904 मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला, तेव्हाही लोक म्हणालेच असतील की घरातल्या गोष्टीत सरकारचं काय काम.

तरी त्या आजोबांच्या म्हणण्यात मला एक खरी गोष्ट दिसते, ती सोडून देऊ नका. आपल्याकडे काही गोष्टी कुणी, कुठे, कुणासमोर बोलायच्या याची रीत आहे. ती रीत पाळा. मुलींशी तुम्ही बोला, मुलांशी एखादा पुरुष बोलू दे, वयाने मामा-काका शोभेल असा. पहिल्या बैठका वेगळ्या घ्या. आवाज खालचा, भाषा स्वच्छ, थट्टा नाही. मर्यादा घालायची ती सांगण्याच्या तऱ्हेला. माहितीला कात्री लावायची नाही. हे एकदा मनाशी ठरलं की बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात.

म्हणूनच ‘तो भाग गाळून’ चालणार नाही. भारतात ही लागण बहुतांशी असुरक्षित शरीरसंबंधातून होते. तेवढं गाळून एचआयव्ही शिकवला तर मुलांच्या हातात उरते ती भीती, आणि ती पुन्हा माठापाशीच जाते. पालक म्हणतात, ‘लग्नाआधी संबंध नको एवढं सांगितलं की झालं.’ हे आपल्या घराचं मूल्य म्हणून जरूर सांगा. मीही चौदा वर्षांच्या मुलांना सांगते की हे वय त्यासाठी नाही, शरीर आणि मन दोन्ही अजून तयार नाहीत, आणि कायदाही अठरा वर्षांची रेघ ओढतो. पण लग्न म्हणजे कवच, असं शिकवू नका. या देशात कित्येक बायकांना ही लागण आपल्याच नवऱ्याकडून झाली. त्या बिचाऱ्यांनी सगळे नियम पाळले होते.

आता प्रत्यक्ष काय सांगायचं.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करा. तुमच्या मुलांनी दिवाळीत किल्ला केलाच असेल, तोच घ्या. बाकीचे जंतू किल्ल्यावर चाल करून येतात आणि पहारेकरी त्यांना परतवून लावतात. एचआयव्ही मात्र पहारेकऱ्यांच्याच पोटात शिरतो, त्यांनाच फितवतो आणि त्यांच्याकडून आपल्यासारखे आणखी विषाणू तयार करून घेतो. रक्तातल्या त्या पहारेकरी पेशींना सीडी4 म्हणतात. उपचार नसले तर काही वर्षांनी पहारा इतका विरळ होतो की साधा क्षय, साधा न्यूमोनियाही आत घुसतो, आणि त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एचआयव्ही हा विषाणू आणि एड्स ही त्याने आणलेली अवस्था, हा फरक मुलांना यातून आपोआप कळतो. उपचार सुरू झाले की विषाणू दबतो आणि पहारेकरी पुन्हा वाढतात, हेही त्याच दमात सांगा. किल्ला पडला म्हणून गोष्ट संपवू नका.

मग तो कशातून पसरतो ते : रक्त, शरीरसंबंधातले स्राव, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधातून. या वयाला सुईवर जरा जास्त वेळ द्या, कारण ती त्यांच्या रोजच्या जगातली गोष्ट आहे. इंजेक्शन देताना नवी सिरिंज आपल्यासमोर पाकिटातून काढली का, हे बघायचं आणि न लाजता विचारायचं. ‘डॉक्टरकाका, नवी आहे ना?’ हे वाक्य मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. आपल्या गुजरातेतच 2009 मध्ये मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे कावीळ ब (हिपॅटायटिस बी) ची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. तो विषाणू वेगळा, वाट हीच. एरवी एचआयव्ही शरीराबाहेर फार तग धरत नाही, पण सुईच्या पोकळीत अडकलेल्या रक्तात काही दिवससुद्धा टिकू शकतो.

आणि नवरात्रातले टॅटू! गरब्याच्या दिवसांत दंडावर, पाठीवर काहीतरी काढून घ्यायची हौस आता तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींपर्यंत आली आहे. फुटपाथवरच्या स्टॉलवर एकच सुई आणि शाईची एकच वाटी किती जणांना पुरते ते जाऊन बघा. वरच्यावर चिकटवायचे किंवा रंगाने काढायचे टॅटू खुशाल काढा, सुईचे अठरा वर्षांपर्यंत नाहीत, आणि पुढे काढलेच तर नवी सुई, नवी शाई. कान टोचायला सोनाराकडे जातानाही हेच. मात्र रक्तदानाने एचआयव्ही होतो, हा समज तिथल्या तिथे पुसून टाका. रक्तदात्यासाठी सुई नवीच असते, आणि रक्तपेढीतली प्रत्येक पिशवी तपासावी लागते. उद्या ही मुलं अठराची होतील तेव्हा मंडळाच्या रक्तदान शिबिरात ती हवीत.

तेरा-चौदाच्या गटाला पुढचं सांगायचं आहे, तिथेच तुमची जीभ अडखळते. यात कमीपणा नाही. मद्रासमध्ये तपासणीसाठी रक्ताचे ते पहिले नमुने गोळा करणारी डॉ. सॉलोमन यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला, तिलाही सुरुवातीला हे काम नको वाटत होतं. साध्या घरातली मुलगी, असल्या विषयाला हात कसा घालू म्हणून. तिच्या नवऱ्याने धीर दिला आणि तिने ते पार पाडलं. तुम्ही एक करा. दार लावून, आरशासमोर, शिश्न, योनी, वीर्य, मासिक पाळी, निरोध हे शब्द मोठ्याने म्हणा. दहादा म्हणा. पाचव्या-सहाव्या वेळेला ते नाक-कान-घशासारखे वाटायला लागतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा असतोच. तिथले गुजराती, इंग्रजी शब्द मुलांना माहीत असतात, त्यांनाच विचारा आणि दोन्ही चालू द्या.

मी वापरते ती वाक्यं देते, हवी तशी फिरवा. ‘माणसं मोठी झाली, की दोघांच्या मर्जीने शरीराने फार जवळ येतात. त्याला शरीरसंबंध म्हणतात. स्त्री-पुरुषांच्या संबंधात शिश्न योनीत जातं, आणि त्यातून मूल होऊ शकतं. दोघांपैकी एकाला एचआयव्ही असेल आणि तो उपचार घेत नसेल, तर वीर्यातून किंवा योनीतल्या स्रावातून विषाणू दुसऱ्याकडे जाऊ शकतो. निरोध, म्हणजे काँडम, दर वेळी नीट वापरला तर तो अडतो.’ एवढंच. संथपणे, डोळ्यांत बघून. कुणी खिदळलं तर रागावू नका, ती लाज आहे, जरा थांबा आणि पुढे चला. निरोधाचं प्रात्यक्षिक या वयाला गरजेचं नाही. तो असतो, तो कशासाठी असतो आणि तो औषधाच्या दुकानात मिळतो, एवढं पुरे. एखाद्या मुलाला मुलाबद्दल, मुलीला मुलीबद्दल ओढ वाटत असू शकते. तेव्हा हसण्यावारी जाईल असं त्याबद्दल काहीही बोलू नका, कारण ते मूलही तिथेच बसलेलं असतं आणि पुढे सगळ्यात एकटं पडण्याची भीती त्यालाच असते.

मर्जीबद्दल बोलताना थोडा जास्त वेळ घ्या. नको म्हणता येणं, नको म्हटलं की समोरच्याने थांबणं, आणि घरातल्या मोठ्या माणसालाही नको म्हणायची मुभा असणं. ‘मोठ्यांचं ऐकावं’ हे आपण शनिवारी शिकवतो, त्यात हा अपवाद स्पष्ट शब्दांत घाला. मुलं बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाकडून फसवली जातात. तुमच्या या बोलण्यानंतर एखादं मूल मागे रेंगाळलं आणि काही सांगू लागलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर वाटेल तेव्हा फोन करता येतो. अत्याचार ताजा असेल तर क्षणाचाही उशीर न करता सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्यासाठी अशा वेळी औषधं देता येतात, पण ती 72 तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं.

आता एक गोष्ट हात जोडून सांगते. घाबरवू नका. हाडांचे सापळे, कवटी, ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असले जुने तक्ते कुणी आणून देईल, ते परत करा. ‘वाईट वागणाऱ्यांना होतो’ हे वाक्य चुकूनही नको. समुपदेशनाच्या कामात मला एक मुलगी भेटली होती, सातवी-आठवीतली. तिची आई उपचारांवर होती. गोळ्यांची प्लास्टिकची बाटली घरात यायची, तेव्हा तिचं लेबल भिजवून खरवडून काढायचं आणि आत कापूस कोंबायचा हे काम या मुलीचं. कापूस कशाला, तर बाटली उचलली की गोळ्या खुळखुळतात आणि शेजारणीला ऐकू जातात. शाळेत कुणीतरी येऊन एड्सवर बोललं आणि कवटीचं चित्र दाखवलं. त्या दिवसापासून ही पोर रात्री उठून आईचा श्वास चालू आहे का ते बघायची. आई ठणठणीत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की आई गोळ्या घेते म्हणूनच जगणार आहे.

तुमच्या वर्गातही असं एखादं मूल असेल हे धरूनच प्रत्येक वाक्य बोला. सांगायच्या चांगल्या गोष्टी भरपूर आहेत. 2004 पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. गोळी नेमाने घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबला, की शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला होत नाही. अशी माणसं शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात. आईवर उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते, नीट उपचार मिळाले तर ती 5 टक्क्यांच्याही खाली येते. हे ऐकताना मुलांचे चेहरे सैल होतात, आणि सैल झालेलं मूल प्रश्न विचारतं.

प्रश्नांसाठी एक रिकामा डबा ठेवा, झाकणाला चीर पाडून. मुलांनी नाव न घालता, मराठी, गुजराती, इंग्रजी, सुचेल त्या भाषेत चिठ्ठ्या टाकायच्या. सगळ्यांनी टाकायच्या. प्रश्न नसेल त्याने ‘प्रश्न नाही’ लिहून टाकायचं, म्हणजे कुणी टाकली हे कळत नाही. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा आणि पुढच्या शनिवारी उत्तरं द्या. काही चिठ्ठ्या मुद्दाम वात्रट असतील. त्यांतल्याही बहुतेकांच्या आत खरा प्रश्न असतो, तो शोधून त्याचं उत्तर द्या. ‘चुंबनाने होतो का’ हे येणारच. लाळेतून होत नाही. ‘माझ्या मनात घाणेरडे विचार येतात, मला होईल का’ हेही येतं, आणि ज्याने लिहिलं त्याने ते किती रात्री मनात ठेवलेलं असतं कोण जाणे. विचारांनी कुणालाही एचआयव्ही होत नाही, हे मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगा. उत्तर ठाऊक नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा आणि खरंच सांगा.

या सगळ्याच्या आधी पालकांची बैठक घ्यायला विसरू नका. केंद्राने 2005 मध्ये शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला, आणि 2007 मध्ये महाराष्ट्र, मध्य प्रदेश अशा राज्यांत तो विरोधामुळे थांबला. विरोधाचं मोठं कारण होतं त्यातली चित्रं. म्हणून तुम्ही काय बोलणार, कोणते शब्द वापरणार, कोणतं चित्र दाखवणार, ते पालकांना आधीच जसंच्या तसं दाखवा. त्या ज्येष्ठ सभासदांना पहिल्या रांगेत बसवा. एखाद्या पालकाला मूल पाठवायचं नसेल तर आग्रह करू नका, त्या मुलाला दुसऱ्या खोलीत गोष्टीचं पुस्तक द्या. पुढच्या वर्षी बहुतेक ते पाठवतात.

मुलांच्या गटाशी बोलायला पुरुष हवा, तो मंडळात मिळाला नाही तर सयाजी हॉस्पिटलमधल्या एचआयव्ही सल्ला व तपासणी केंद्रात जाऊन चौकशी करा. अशा केंद्रांतल्या समुपदेशकांना हे बोलायची सवय असते. मंडळाच्या लेटरहेडवर पत्र न्या, मुलांचं वय आणि किती मुलं ते लिहा, आणि दोन-तीन तारखा सुचवा, कारण सकाळी त्यांच्याकडे गर्दी असते. त्यांना मराठी येत नसेल तर गुजरातीत बोलू द्या, मुलांना काही फरक पडणार नाही. मधल्या काळात तुम्हाला किंवा एखाद्या पालकाला काही विचारायचं असेल तर राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा 1097 हा नंबर आहे. फोन मोफत आहे आणि नाव सांगावं लागत नाही. बैठकीच्या दिवशी तो फळ्यावर लिहून ठेवा आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा.